मूठ मोकळी, पातं बांधील

मनोहरराव आंघोळ आटोपून, ओल्या अंगाला पंचा गुंडाळत बाहेर आले आणि पहिली नजर त्यांनी टेबलाकडे टाकली. टेबलावर पुतण्याचं घड्याळ होतं, पासपोर्ट होता, डोकेदुखीच्या अमेरिकन गोळ्यांची बाटली होती. चाकू नव्हता.

"अनुसया, चाकू कुठी गेला वं?"

"कोणता चाकू?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोणता म्हणजे? गिरिधरनं आणलेला! आत्ता इथीच ठेवला होता. मी म्हटलं आधी आंघोळ करू, मंग शांतपणानं उघडून पाहू."

"पूजेत हाय."

मनोहरराव पंचा सावरत देवघरापाशी गेले. पाटावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर कोयता, विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री आणि खुद्द मनोहररावांचं फाउंटन पेन अशी सगळी मंडळी ओळीनं झोपली होती. सगळ्यांत शेवटी, नव्या जावयासारखा जरा अंतर राखून, तो चाकू. मिटलेला. अंगावर हळदकुंकवाची बोटं आणि वर एक झेंडू. झेंडू चाकूपेक्षा मोठा होता.

"आज खंडेनवमी हाय," अनुसयाबाई हात पुसत म्हणाल्या. "घरातलं सारं हत्यार पूजलं. उद्या दसऱ्याले सकाळी पूजा उठंल, तवाच हात लावाचा. मी भाजीसुदा रात्रीच चिरून ठेवली."

"अवं पण तो माह्या— तो गिरिधरचा चाकू हाय!"

"मंग? पाहुण्याचं हत्यार काय हत्यार नसते?"

नवरात्रातलं एकही कीर्तन न चुकवणाऱ्या मनोहररावांना तिथी ठाऊक नव्हती असं नाही. पण गेले काही महिने ते बुधवार मोजत होते. कॅलेंडरवर त्यांनी ज्या बुधवारभोवती लाल गोल काढला होता, त्या गोलाखालीच 'खंडेनवमी' ही अक्षरं झाकून गेली होती. आणि त्याच बुधवारी दुपारी चार वाजता त्यांच्या घरी सगळं मंडळ येणार होतं.

मंडळ म्हणजे चाकूंच्या शौकिनांचं. महाल वस्तीत भजनी मंडळं होती, व्यायाम मंडळं होती, एक हुंडाविरोधी मंडळही होतं (त्याचा अध्यक्ष लग्नाचा होता आणि स्थळं पाहत होता). तसंच हे. खिशात मावेल असा घडीचा चाकू हा मंडळाचा एकमेव विषय. त्यातही गंमत अशी की या चाकूंनी आजवर काही कापल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. कापलं की धार जाते. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या गळ्यातला हार फेट्याच्या तुऱ्यात अडकला आणि कुणीतरी ओरडलं, "चाकू हाय का गा कोणाकडं?" मांडवात मंडळाचे तिन्ही सभासद हजर होते. तिघांनीही मान खाली घातली. शेवटी भटजींनी तो दोरा दातानं तोडला.

धार तपासायची ती फक्त डाव्या हाताच्या केसांवर. त्यामुळे मंडळाचा सभासद गर्दीतही ओळखू यायचा. त्याचा उजवा हात अस्वलाचा असे आणि डावा बाळंतिणीच्या कुशीतल्या बाळाचा.

मंडळाचे अध्यक्ष ईश्वरदास. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर धोतरजोड्या विणायचे. ईश्वरदास इतवारीच्या बाजारात टेरिकॉट विकायचे. जावई मस्कतला असल्यामुळे त्यांच्याकडे कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू असलं सगळं पोटात घेऊन बसलेला एक लाल परदेशी चाकू होता, आणि त्या जोरावर ते सहा वर्षं अध्यक्ष होते. दुसरे रुपराव, शाळेत ड्रिल मास्तर. त्यांचा चाकू खापा गावच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला. तो उघडायला रुपरावांसारखाच माणूस लागायचा.

गेल्या वर्षी या शांत पाण्यात मनोहररावांनी दगड टाकला. त्यांचा पुतण्या गिरिधर अमेरिकेत इंजिनियर. त्याचा फोन आला होता.

"तिकडं आता टायटॅनियमचे चाकू निघाले," मनोहररावांनी मंडळाला सांगितलं. "विमानाचा धातू. गंजत नाही, चुंबक लागत नाही, आन वजन म्हणाल त फुलाचं. गिरिधर म्हणे, काका, चाकू आणतो."

त्यानंतर वर्षभर मंडळात दुसरा विषय नव्हता. टायटॅनियमचा चाकू उघडताना 'टक्' वाजत असेल की 'खट्', यावर दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत रुपराव 'खट्'वरून उठून गेले.

"रॉकेटले लावतात ते," रुपराव म्हणायचे.

"रॉकेटले लावते त खिशात कायले पाहिजे?" ईश्वरदास म्हणायचे. "मनोहरराव, येऊन राहिला, येऊन राहिला, वर्ष झालं गा आयकून राहिलो. ज्या दिवशी टायटॅनियम माह्या या हातात येईन, त्या दिवशी अध्यक्षपद तुमाले. नाही आलं, त मंडळात परत त्याचं नाव काढाचं नाही."

आता यात एक बारीकशी गोष्ट होती. गिरिधर फोनवर म्हणाला होता, "काका, माझा चाकू आणतो, एकदा पाहून घ्या." मनोहररावांनी मंडळाला निरोप दिला तो पुढचं-मागचं जरा छाटून. गिरिधर बुधवारी सकाळी यायचा होता, संध्याकाळच्या गाडीनं जबलपूरला सासुरवाडीला जायचा होता, आणि चाकू त्याच्याबरोबर जायचा होता. मनोहररावांनी सगळं बसवलं होतं: चार वाजता मंडळानं पाहावा, पाच वाजता जावं. पुढे कुणी विचारलंच तर चाकू बँकेच्या लॉकरमध्ये.

त्यात ही खंडेनवमी.

चार वाजता मंडळ आलं. हातात काही नाही, चेहरे जरा ओशाळलेले.

"तुमचा लाल चाकू कुठी हाय, ईश्वरदासभाऊ?" मनोहररावांनी विचारलं.

"पूजेत. बायकोनं सकाळीच ठेवून देला."

"आन तुमचा, मास्तर?"

"त्याच्यावर दोन झेंडू हायेत," रुपराव म्हणाले.

म्हणजे चाकूंच्या या ऐतिहासिक तुलनेला कुणाच्याच खिशात चाकू नव्हता. मनोहररावांना क्षणभर हायसं वाटलं. गिरिधरला त्यांनी मागच्या खोलीत झोपवलं होतं. अमेरिकेची रात्र त्याच्या डोळ्यांवर होती, तो घोरत होता. त्याच्या तोंडून नको ते निघायची भीती नव्हती. त्यांनी मंडळाला मानानं देवघरापाशी नेलं.

"हा पाहा!"

मंडळ वाकलं. रुपरावांनी चष्मा पुसला. झेंडूच्या खालून राखाडी रंगाची दोन बोटं मूठ दिसत होती.

"हा?" ईश्वरदास म्हणाले. "हे त टीन दिसून राहिलं."

"टीन? भाऊ, टायटॅनियम हाय ते!"

"टायटॅनियम डोळ्याले दिसते का गा? वर्षभर तुमीच सांगून राहिले का त्याची सारी करामत वजनात हाय. हातात घेतल्याबिगर कसं समजंल? उचला, द्या माह्या हातात."

"आज कसं उचलू? पूजेतलं हाय."

"मंग नाही आलं म्हणा माह्या हातात." ईश्वरदास कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "मास्तर, लिहून घ्या. मंडळात आता टायटॅनियमचं नाव नाही."

मनोहररावांच्या कानशिलांत झांजा वाजू लागल्या. त्यांनी टोपी चढवली. "दहा मिनिटं बसा. शास्त्र विचारून येतो. अनुसया, या लोकायले चहा दे वं!" आणि ते चप्पल उलटसुलट घालून देवळाकडे पळाले.

देवळात नवरात्राच्या कीर्तनाला देवाजीबुवा पारशिवनीकर आले होते. गोड माणूस. त्यांनी पूर्वरंगात पहिली तान घेतली की महालातल्या म्हाताऱ्या सुनांच्या कागाळ्या अर्ध्यावर सोडून टाळ उचलायच्या. आणि उत्तररंगात आख्यान रंगलं की माणूस घरून आणलेलं दुःख तिथेच विसरून दुसऱ्याची चप्पल घालून घरी जायचा. आता बुवा जेवून ओसरीवर लवंडले होते.

"बुवा, मोठं संकट आलं."

"शास्त्राचं का चहाचं?"

"दोन्हीचं."

बुवा उठून बसले. "मग चला."

इकडे घरी मंडळ चहाची वाट पाहत बैठकीत बसलं होतं, तेव्हा गिरिधर डोळे चोळत स्वयंपाकघरात आला.

"काकू, माझा चाकू दिसून नाही राहिला. बॅग भरतो आहे."

"बाप्पा, तो पूजेत हाय. उद्या उठते पूजा. तुझी गाडी त आजच हाय." अनुसयाबाई अवघडल्या. "मले समजत नाही का करावं. तुझ्या आजीनं पूजेतली सुईसुदा कधी हलवू देली नाही."

गिरिधरनं देवघरात डोकावून पाहिलं. लाल कापड, कोयता, विळी, आणि त्या ओळीत आपला चाकू. परदेशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी काय होतं ते सांगता येत नाही. त्यानं वाकून हात जोडले.

"राहू द्या मग काकू. देवापुढून उचलून नेण्यापेक्षा काकांनाच होऊन जाऊ द्या. मी तिकडं दुसरा घेईन."

"खरंच?"

"अगदी. उद्या पूजा उठली की काकांच्या हातात द्या. म्हणावं, गिरिधरनं दिला."

अनुसयाबाईंचा चेहरा उजळला. नवऱ्याच्या डोळ्यांत वर्षभर काय चमकत होतं ते त्यांनी पाहिलं होतं. कधी एकदा येतात आणि कधी सांगते असं त्यांना झालं. तेवढ्यात दारात आवाज झाला. पुढे मनोहरराव, मागे बुवा.

"आयकलं काय," अनुसयाबाई पुढे आल्या, "गिरिधर म्हणते का—"

"तू मधात बोलू नको वं! शास्त्रार्थ हाय."

बुवा पाटासमोर मांडी घालून बसले. मंडळ त्यांच्यामागे बसलं. बुवांनी कोयत्याला नमस्कार केला, विळीला केला, मनोहररावांच्या पेनाला केला आणि चाकूपाशी येऊन थांबले.

"हं. मनोहरराव, आज आपण कशाची पूजा करतो?"

"हत्याराची."

"हत्यार कशाचं? लोहाचं. आता सांगा, हे जे काही तुमचं टाय... टाय..."

"टायटॅनियम!" अख्खं मंडळ एका सुरात म्हणालं.

"हे लोह आहे का?"

"मुळीच नाही!" मनोहररावांनी मांडीवर थाप मारली. "चुंबक लागत नाही, गंज चढत नाही. बुवा, लोहाचं आन त्याचं गोत्र एक नाही!"

"मग ते लोह नाही, तर पूजेचं बंधन त्याला नाही."

"अहो, पण आधी आयका न," अनुसयाबाई पुन्हा म्हणाल्या, "गिरिधर का म्हणते—"

"अवं थांब! निकाल होऊन राहिला!"

"पातं कशाचं आहे?" बुवांनी विचारलं.

हे पातं आतापर्यंत कुणीच पाहिलं नव्हतं. मनोहररावांनी आधी आंघोळ केली होती. पण प्रश्न मंडळाच्या अभ्यासाचा होता.

"पातं पोलादाचं असते," रुपराव खाली मान घालून म्हणाले. "टायटॅनियमले धार टिकत नाही."

"पोलाद म्हणजे लोहच." बुवांनी डोळे मिटले. "मग असं आहे. मूठ मोकळी, पातं बांधील."

"पण बुवा," ईश्वरदास म्हणाले, "मूठ उचलली का पातं बी संगं उचलल्या जाते. मंग पूजा मोडली नाही का?"

"पालखी उचलली म्हणून देव जागा सोडतो का हो?" बुवा गोड हसले. "पातं आपल्या मखरात आहे. मखर हलवा, देव उघडा पाडू नका. आज मूठ हातात घ्या, पण पातं उघडायचं उद्या, पूजा उठल्यावर. आणि रात्री आरतीला एक नारळ आणा."

मनोहररावांनी झेंडू बाजूला केला आणि चाकू उचलून जमिनीवर ठेवला. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, एवढं तरी मंडळ पाळत असे. ईश्वरदासांनी तो जमिनीवरून उचलला, तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले. रुपरावांनी पुन्हा चष्मा पुसला.

"काहीच वाटून नाही राहिलं," ईश्वरदास शेवटी म्हणाले.

"हेच त टायटॅनियम!" मनोहरराव ओरडले.

"खरंच गा. हातात काहीच नाही असं वाटून राहिलं." ईश्वरदासांनी डोळे उघडले. ते पाणावले होते. "हरलो मनोहरराव. आजपासून अध्यक्ष तुमी."

मग रुपरावांनी काहीच न वाटण्याचा अनुभव घेतला. बुवांनीही घेतला आणि चाकू कपाळाला लावला. तिघांनाही काहीच वाटलं नाही, आणि त्याबद्दल तिघांनीही तोंड भरून स्तुती केली.

"आता उद्या सोनं द्यायले येतो," निघताना ईश्वरदास म्हणाले, "तवा पातं पाहू. टक् का खट्, तेबी होऊन जाईन."

"या न," नवे अध्यक्ष म्हणाले. आज त्यांना उद्याची पर्वा नव्हती.

मंडळ गेलं, बुवा गेले. गिरिधर दाराशी उभा राहून हे सगळं पाहत होता. त्याला एवढंच दिसलं होतं की आपला चाकू अडकला म्हणून काका उन्हातान्हात धावले, बुवांना घेऊन आले, शास्त्र काढलं आणि चाकू सोडवला. सायकलरिक्षा दारात आली तेव्हा तो वाकून पाया पडला.

"काका, केवढा त्रास घेतला तुम्ही माझ्यासाठी!" त्यानं चाकू उचलून खिशात टाकला. "मी तर काकूला सांगून ठेवलं होतं, पूजेतून निघत नसेल तर काकांनाच राहू द्या म्हणून. पण तुम्ही अशी दौलत सोडवून हातात दिली, आता नाही नेला तर तुमचा अपमान होईल."

रिक्षा गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मनोहररावांचा हात निरोपासाठी वर उठलेला होता, तो तसाच राहिला.

"तू मले सांगितलं काहून नाही?" ते कसेबसे म्हणाले.

"दोनदा सांगतलं," अनुसयाबाई म्हणाल्या. "पण शास्त्रार्थ होऊन राहिला होता न."

त्या संध्याकाळी मनोहरराव नारळ घेऊन कीर्तनाला गेले. बुवांनी दृष्टान्त दिला: एका माणसानं आपल्याच गाईचा दोर आपल्याच हातानं सोडला, आणि मग गाय कुणी नेली म्हणून गावभर विचारत फिरला. मंडपात हशा पिकला. बुवांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मनोहररावांनी मात्र खांबाआडून टोपी डोळ्यांवर ओढली आणि गजराला सुरुवात झाल्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. रडू दाबायला टाळ्यांसारखा उपाय नाही.

दसऱ्याचा दिवस त्यांनी आजारी पडायचा विचार करण्यात घालवला. ताप काढावा, तर ईश्वरदास काढा घेऊन येतील आणि उशाशी बसून चाकू मागतील. लॉकर म्हणावं, तर दसऱ्याला बँक बंद. शेवटी त्यांनी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. अध्यक्षपद गेलं तर गेलं. एक रात्र तर भोगलं.

दिवेलागणीला मंडळ आपट्याची पानं घेऊन आलं. सोनं दिलं, घेतलं, मिठ्या झाल्या. मनोहररावांनी घसा खाकरला.

"ईश्वरदासभाऊ, मास्तर, एक गोष्ट सांगाची होती. ते पातं—"

"पात्याचं राहू द्या गा आता," ईश्वरदास घाईनं म्हणाले आणि दरवाजाकडे पाहून घेतलं. "आज दुकानात साऱ्या इतवारीले सांगतलं मी. आरशासारखं पातं! म्हटलं, त्याच्यात पाहून मिशी कोरावी."

"आरशासारखं?" रुपराव लाल झाले. "मी साऱ्या स्टाफले सांगून आलो का काळं कुळकुळीत हाय! उजेडात धरलं तरी चमकत नाही, फौजी लोकायचं असते तसं! हेडमास्तर उद्या तुमच्या दुकानात कापड घ्यायले येऊन राहिले. आता माही का इज्जत राहीन?"

"तुमी पाह्यलं काय पातं, मास्तर?"

"तुमी पाह्यलं काय?"

दोघंही थांबले. मग दोघंही हळूच मनोहररावांकडे वळले. त्या नजरेत अध्यक्षांबद्दल असा आदर होता, जसा मनोहररावांनी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. त्यात थोडी विनवणीही होती.

मनोहररावांना सगळं समजलं. कीर्तनातल्या माणसाला शब्द शोधावा लागत नाही, तो आपोआप येतो.

"दोघंबी बरोबर," ते म्हणाले. "उजव्या अंगानं आरसा, डाव्या अंगानं काळं. टायटॅनियमवाल्याचं कामच तसं राहते."

"तेच त मी म्हणून राहिलो होतो!" ईश्वरदास म्हणाले.

"मीबी त डाव्याच बाजूचं बोललो!" रुपराव म्हणाले. दोघांनी पुन्हा एकदा मिठी मारली. या वेळची खरी होती.

तेवढ्यात अनुसयाबाई चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बशा एकेक करून खाली ठेवल्या, तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "पूजा त सकाळीच उठली. आणू काय चाकू आतून?"

"नको!" तिघं एकदम म्हणाले, आणि ते इतक्या एका सुरात, एका ठेक्यात आलं की देवाजीबुवांच्या टाळकऱ्यांनाही वर्षानुवर्षांच्या तालमीनं ते साधलं नसतं.